मीटरकाकांच्या चौदाशे चाळीस बादल्या

बारा दिवसांच्या त्या प्रशिक्षणातून मीटरकाकांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ; म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हा माणूस निव्वळ परोपकारानं पेटला होता. एक हिरवी टोपी. छातीला लावायचा बिल्ला, त्यावर ‘जनजागृती स्वयंसेवक’ अशी ठसठशीत अक्षरं. दिवसातून दोनदा चहा, तोही आयता. शेवटी गोल शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं, जी आपलं बोलणं चालू असताना ‘गॅसवर दूध ठेवलंय’ म्हणून उठून जाणार नाहीत.

शेवटची बाब सगळ्यांत वजनदार. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या घरची मीटरं वाचून काका निवृत्त झाले होते. त्या एकतीस वर्षांत ते दारात उभे राहिले की घरातली माणसं आवाज खाली आणत, गळका नळ फडक्यानं बांधून टाकत. निवृत्तीनंतर त्यांना वचकून असणारं कुणी उरलं नाही. घरात ते आकडे सांगायला लागले की काकू रेडिओचा आवाज वाढवत. काका आवाज चढवत, काकू बटण फिरवत, आणि रेडिओ जिंकत असे.

काकूंच्याही पदरात काही पडणार होतं : बारा दिवसांची शांतता. त्यामुळे घरातून विरोध झाला नाही.

प्रकरण सुरू झालं ते वसाहतीच्या सभेत. चार इमारती, प्रत्येकी तीन मजले, आणि मधोमध हिरवळ. ही हिरवळ म्हणजे वसाहतीचा मान. तिच्यावर कुणी चालत नसे, बसत नसे, पोरं खेळत नसत. तिच्याकडे फक्त बघायचं, आणि पाहुण्यांना दाखवायचं. घरातल्या नळांना पाणी सकाळी दीड तास. हिरवळ मात्र दिवसाला चार हजार लिटर प्यायची. म्हणजे मीटरवर रोजची चार युनिटं. अखेर पाणी खात्याची नोटीस आली : बागेचा वापर निम्म्यावर आणा, नाहीतर बागेची जोडणी तोडू.

अध्यक्ष तयारीनं आले होते. त्यांनी पिशवीतून वीतभर प्लास्टिकची हिरवळ काढून टेबलावर ठेवली. सगळ्यांनी तिला हात लावून पाहिला.

‘‘झाडायची, पुसायची, झालं,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘पाणी नको, खत नको, माळी नको.’’

माळी दारातच उभा होता. एकोणीस वर्षं त्या हिरवळीला पाणी घालणारा माणूस, हाताची घडी घालून, स्वतःच्या पावलांकडे बघत. त्याला काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही, आणि आपण होऊन बोलायची त्याला सवय नव्हती.

काकांच्या खिशात नेमकं एक पत्रक होतं. उद्यान विभागानं माळ्यांसाठी कमी पाण्यात बाग उभी करायचं प्रशिक्षण काढलं होतं. प्रत्येक वसाहतीतून एक माळी आणि त्याच्याबरोबर लोकांना समजावून सांगणारा एक स्वयंसेवक. काका उठले. आपण काय बोलणार आहोत हे उठेपर्यंत त्यांनाही माहीत नव्हतं.

‘‘मी शब्द देतो. हिरवळ काढू, कमी पाण्याची झाडं लावू. लागवड झाल्यापासून नव्वद दिवसांत मीटर निम्म्यावर!’’

‘‘आणि नाही आलं तर?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘तर तुमचं प्लास्टिक, आणि माझं तोंड कायमचं बंद.’’

सभेत एकदम उत्साह आला. दोन्ही बाजूंनी फायदाच आहे हे लोकांच्या चटकन लक्षात आलं. ठराव एकमतानं पास झाला.

जिन्याखाली माळ्यानं काकांना गाठलं. ‘‘काका, शब्द तुम्ही दिलात,’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘पण पणाला नोकरी माझी लावलीत.’’

काकांना हे सुचलंच नव्हतं. ‘‘अहो माळीदादा, मी आहे ना!’’ ते म्हणाले. माळ्यानं मान हलवली. त्याची काळजीही नेमकी तीच होती.

प्रशिक्षण उद्यान विभागाचं, पण अर्ज पाणी खात्यात भरायचे होते. काका त्यांच्याच त्या जुन्या कचेरीत गेले, तेव्हा त्यांना वाटलं होतं, ओळखीची माणसं, खुर्ची पुढे येईल. खिडकीत नवा कारकून होता. अर्जात एक रकाना होता : ‘अर्जदार व्यवसायाने माळी आहे काय? असल्यास दाखला जोडावा. नसल्यास, नसल्याचा दाखला जोडावा.’

‘‘मी माळी नाही, हे दिसतंय ना तुम्हाला?’’ काका म्हणाले.

‘‘मला दिसतंय,’’ कारकून म्हणाला. ‘‘कागदाला दिसत नाही.’’

काका उद्यान विभागात गेले. तिथले साहेब म्हणाले, ‘‘कोण माळी आहे ते मी लिहून देऊ शकतो. कोण नाही हे लिहायला बसलो तर अख्खं गाव लिहावं लागेल.’’ काका पुन्हा पहिल्या खिडकीशी. कारकुनानं दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. दुसरी खिडकी जेवायला गेली होती. ज्या कचेरीत आपण एकतीस वर्षं लोकांना ‘उद्या या’ म्हणालो, तिथेच आज आपल्याला कुणी ‘उद्या या’ म्हणावं, हे काकांच्या फार जिव्हारी लागलं. वरांड्यातल्या बाकावर ते टोपी मिळण्याआधीच टोपी उतरल्यासारखे बसले.

माळी त्यांच्याशेजारी बसून होता. त्यानं काकांच्या वहीचं एक पान मागून घेतलं, गुडघ्यावर ठेवून हळूहळू दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. ‘हे गृहस्थ माळी नाहीत. हे मी एकोणीस वर्षं पाहत आहे.’

कारकुनानं सहीखालचं ‘व्यवसाय : माळी’ वाचलं, खूश झाला आणि धाडकन शिक्का मारला. अर्ज मंजूर झाला. काकांना आनंद झाला, पण त्यातलं ते ‘एकोणीस वर्षं पाहत आहे’ घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

प्रशिक्षण रोपवाटिकेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. तेवीस माळी आणि, बाकीच्या वसाहतींना स्वयंसेवक न मिळाल्यामुळे, एक काका. शिकवणाऱ्या बाई अंगानं काडी, पायात चिखलानं भरलेले बूट, आवाज मात्र शेडच्या पत्र्याला कंप सुटेल असा. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला मूठभर माती उचलायला लावली. काकांनी आधी तिचं वजन करायचं का, असं विचारलं. माळ्यानं माती दाबली, हुंगली आणि खाली टाकली.

‘‘वर भिजलीय, खाली तीन बोटांवर कोरडी,’’ तो म्हणाला. ‘‘काल कुणीतरी वरवर पाणी मारलंय.’’

बाईंनी त्याच्याकडे दोन क्षण नीट पाहिलं. ‘‘बरोबर. वरवरचं पाणी झाडाला आळशी करतं. मुळं वरच पथारी टाकतात, खाली उतरायचं नाव घेत नाहीत. पाणी क्वचित द्या, पण खोलवर द्या. आणि माती उघडी टाकू नका. पाल्यापाचोळ्याचं पांघरूण घाला. जी झाडं सारखी तहानलेली, ती एका बाजूला. जी एकदा प्यायली की आठवडाभर गप्प, ती दुसऱ्या बाजूला.’’

काकांनी हे सगळं लिहून घेतलं. त्यांच्या तीन वह्या भरल्या. माळ्यानं सबंध बारा दिवसांत एकच पान खर्च केलं, त्यावरही अक्षरं कमी आणि रेघा जास्त : कुठे उतार, कुठे खड्डा, कुठल्या झाडाचं मूळ कुठवर. लेखी परीक्षेत काकांना शंभरपैकी चौऱ्याण्णव पडले, माळ्याला एकेचाळीस. प्रात्यक्षिकात काकांनी रोप अगदी सरळ, ओळंब्यात लावलं, फक्त त्याची प्लास्टिकची पिशवी काढायची राहिली. बाईंनी रोप उपटलं, पिशवी काढून काकांच्या हातात दिली, आणि रोप माळ्याकडे दिलं.

शेवटच्या दिवशी लोकांना कसं समजवायचं याचा धडा होता. ‘‘भाषण लोक विसरतात, डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाहीत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बागेचा नळ सोडा, खाली बादली ठेवा. दोन मिनिटांत केवढं पाणी जातं ते दिसू द्या.’’ काकांनी खाली दोन रेघा मारून हे वाक्य लिहिलं. बाई पुढे म्हणाल्या, ‘‘मग नळ बंद करा, आणि मग बोला.’’ पण त्याच वेळी चहाची घंटा झाली, तेवीस माळी एकदम उठले, आणि हे वाक्य काकांच्या वहीत उतरायचं राहून गेलं. एवढ्या मोठ्या तीन वह्यांत एवढंच एक वाक्य नव्हतं.

हिरवळ काढली त्या दिवशी वसाहतीत सुतकी वातावरण होतं. माळ्यानं तीन आठवडे एकट्यानं राबून जमीन उकरली, उतार फिरवला, बाईंनी दिलेली काटक प्रकृतीची रोपं लावली, ठिबकच्या नळ्या पसरल्या आणि वर वीतभर पालापाचोळा पसरला. काम देखणं झालं होतं. पण ते देखणेपण कळायला माळी असावं लागतं. इतरांना दिसत होता तो एक मोठा उकिरडा आणि त्यातून मान वर काढणाऱ्या काड्या.

सल्ले देणाऱ्यांना आता काम मिळालं. तळमजल्यावर दातांचा दवाखाना असलेले डॉक्टर म्हणाले, ‘‘मुळं किडलेली दिसतात. काढून टाका.’’ अध्यक्ष म्हणाले, ‘‘आधी निदान हिरवं तरी होतं.’’ दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सल्ला दिला नाही. त्या गॅलरीत उभ्या राहून फक्त ‘‘अगं बाई गं’’ म्हणत, दिवसातून चारदा.

काकांनी मात्र कंबर कसली. टोपी घातली, बिल्ला लावला, दर रविवारी सकाळी खुर्च्या मांडल्या. बुधवारचंही व्याख्यान लोकाग्रहास्तव सुरू झालं. हा आग्रह कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काका बागेचा नळ सोडत, खाली बादली ठेवत आणि बोलायला सुरुवात करत.

‘‘बघा! मी बोलतोय आणि पाणी चाललंय! पाहताय ना?’’

लोक पाहत होते. एका मिनिटात बादली भरे. मग ती वाहू लागे. काका पाण्याच्या इतिहासाकडे वळत, खात्यातल्या दिवसांकडे वळत, कुणाकडे मीटरला चुंबक लावलं होतं ते सांगत, आणि पाणी झुळझुळत गटाराकडे जाई. दीड तासानं व्याख्यान संपलं की काका नळ बंद करत. लोकांना विषय मनापासून पटत असे. एवढं पाणी वाया जाताना त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नळ बंद करा असं कुणीच म्हणालं नाही. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं सगळ्यांना वाटलं. माळी त्या वेळेला दुसऱ्या वसाहतीच्या कामावर असे, त्यामुळे जो एक माणूस ओरडला असता तो तिथे नव्हता.

आणि मीटर खाली येईना.

काका रोज सकाळी गुडघ्यावर बसून मीटरची काच पुसत आणि आकडा लिहीत. पूर्वी आठवड्याला अठ्ठावीस युनिटं जात. हवी होती चौदा. माळी म्हणे, ठिबकला दहा पुरतात. आणि मीटर म्हणे, तेवीस. पहिल्या आठवड्यात तेवीस, दुसऱ्यात तेवीस, चौथ्यात साडेतेवीस. एकतीस वर्षांत काकांनी मीटरवर कधी अविश्वास दाखवला नव्हता. माणसं खोटं बोलतात, मीटर बोलत नाही, या एका तत्त्वावर त्यांनी नोकरी काढली होती. मग खोटं कोण बोलत होतं?

ते माळ्याकडे गेले. विचारायचं कसं हे त्यांनी जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं होतं, तरी तोंडातून वाईटच निघालं. ‘‘माळीदादा, खरं सांगा. नळ उघडा राहतो का कधी? चुकून?’’

माळ्यानं काकांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट पाल्याखालच्या मातीत खुपसलं. बोट पेरभर चिखलात गेलं.

‘‘मी आठवड्यातून दोनदा ठिबक सोडतो,’’ तो म्हणाला. ‘‘ही माती रोज पितेय. रोपं पिवळी पडलीत ती तहानेनं नाही, काका. बुडून मरतायत ती. कोण घालतंय ते तुम्ही शोधा. मीटर तुमचं.’’

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, काका उजाडल्यापासून गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे वही घेऊन बसले.

सव्वासातला वहिनी आल्या. इकडेतिकडे पाहिलं, एका रोपाला ‘‘बिचारं गं’’ म्हणाल्या आणि दोन बादल्या ओतून पळाल्या. साडेनऊला डॉक्टर, हातमोज्यांसह. आत खुर्चीत एक पेशंट आ करून ठेवलेला, आणि हे नळी घेऊन दहा मिनिटं शिंपण करतायत. पेशंट बदलला की पुन्हा दहा मिनिटं. अकराला जिन्याजवळची दोन भावंडं, शाळेचा डबा धुवायच्या मिषानं. दुपारी दोनला, जेव्हा सगळी वसाहत झोपते, तेव्हा खुद्द अध्यक्ष झारी घेऊन अवतरले. प्लास्टिकवाले अध्यक्ष! आपल्या खिडकीखालच्या झुडपाशी उकिडवे बसले, पानं बोटांनी पुसली, झारी चारदा भरली. काकांनी चारही झाऱ्या वहीत नोंदवल्या.

आणि चार वाजता, काका पाठ मोकळी करायला आत गेले आहेत असं समजून, खाली काकू उतरल्या. सरळ नळी घेतली आणि टोपीवाल्या स्वयंसेवकाची धर्मपत्नी सगळ्या बागेला आंघोळ घालू लागली.

‘‘अगं!’’ काका चादरीतून ओरडले.

काकूंनी दचकून वर पाहिलं, पण नळी सोडली नाही. ‘‘अहो, मान टाकली होती हो त्यानं! मला बघवेना.’’

रात्रीच्या जेवणाआधी काकांनी बेरीज मांडली. वहिनी इतकं, डॉक्टर इतकं, अध्यक्ष, भावंडं, काकू. दयेपोटी वाहिलेलं पाणी धरलं तरी मीटरशी मेळ बसेना. आठवड्याला साडेतीन युनिटं कुठे तरी गायब होती, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक तर यादीत एकही नव्हतं. काकांनी जुनी पानं उलटली. त्यांच्याच टापटीप अक्षरात जागोजाग नोंद होती : ‘रविवार. व्याख्यान. वेळ दीड तास. श्रोते तल्लीन.’ ‘बुधवार. व्याख्यान. दीड तास. उत्तम.’

नळातून मिनिटाला वीस लिटर. नव्वद मिनिटं. अठराशे लिटर एका व्याख्यानाला. सहा आठवड्यांत बारा व्याख्यानं.

काका वहीकडे बघत राहिले. बोलले नाहीत. इतका वेळ बोलले नाहीत की काकूंनी काळजीनं रेडिओ बंद केला.

पुढच्या रविवारी खुर्च्या मांडल्या गेल्या, पण आढावा बैठकीसाठी. बेचाळीस दिवस झाले होते. अध्यक्षांनी आकडे वाचले. ‘‘चौदा हवीत, तेवीस आहेत. माळी पाणी उधळतो, दुसरं काय? अजून वाट कशाला बघायची? प्लास्टिकवाला उद्या माप घ्यायला येईल म्हणतो.’’

माळी पुन्हा दारात, पुन्हा पावलांकडे बघत. पण या वेळी त्यानं एकदा मान वर करून काकांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आता इथे काकांपुढे सोपी वाट होती, आणि हे त्यांच्या नावावर जमा करताना विसरायचं नाही. यादी त्यांच्या हातात होती. वाचायला दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली असती तरी माळी सुटला असता. अध्यक्षांची झारी एकटी पुरली असती. पहिली ओळ कुणाला दिसत नव्हती, ती फक्त त्यांना ठाऊक होती. काका उभे राहिले, चष्मा पुसला.

‘‘वापराचा तपशील, जास्तीकडून कमीकडे,’’ ते खात्यातल्या आवाजात म्हणाले. ‘‘क्रमांक एक. मीटरकाका. व्याख्यानं बारा, एकवीस हजार सहाशे लिटर. सगळं गटारात.’’

आधी हसू फुटलं. मग काका हसत नाहीत हे पाहून ते विरत विरत थांबलं. एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांची मीटरं वाचली, त्यानं आज भर सभेत उभं राहून स्वतःचं वाचलं, आणि एक थेंबही कमी सांगितला नाही. अशी माणसं शेजारी असून आपण त्यांना रेडिओ लावून गप्प करत होतो, असं निदान एका व्यक्तीला तरी त्या क्षणी वाटलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

‘‘क्रमांक दोन, डॉक्टर. तीन, आमचं घर. चार, अध्यक्ष...’’

अध्यक्षांना जोराचा खोकला आला. ‘‘मला वाटतं,’’ ते म्हणाले, ‘‘दिलेली मुदत पूर्ण होऊ द्यावी.’’

काकांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. व्याख्यानं बंद झाली. पण दया बंद होण्यातली नव्हती. मंगळवारीच वहिनी पुन्हा बादलीसकट पकडल्या गेल्या. ‘‘एवढीशीच हो,’’ त्या म्हणाल्या. काकांनी पाट्या लावल्या, ‘पाणी घालू नये’. लोकांनी पाट्या वाचल्या आणि पाट्यांच्या मागे पाणी घातलं.

शुक्रवारी माळ्यानं बागेच्या नळाची चावी काढून खिशात टाकली. मग बागेच्या सगळ्यांत उंच कोपऱ्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर, एक खड्डा खणला. तो दोन दिवस काहीतरी करत होता. विटांचे तुकडे, जुन्या नळ्या. मग खड्ड्याभोवती दगडांचं सुबक आळं केलं आणि मधोमध एक वाळकी, करुण फांदी रोवली. इतकी करुण की पाहून जीव तुटावा.

‘‘याला तेवढं पाणी लागतं,’’ तो वहिनींना म्हणाला. वहिनींशी आजवर केलेलं हे त्याचं सगळ्यांत लांब भाषण. ‘‘घरचं आणा. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं. साबणाचं नको.’’

झालं! डॉक्टरांनी त्याला ‘पेशंट’ नाव दिलं. सकाळ-संध्याकाळ घराघरांतून पातेली, तपेली, डबे घेऊन माणसं पेशंटच्या भेटीला येऊ लागली. कुणी म्हणे आज जरा बरा वाटतोय, कुणी म्हणे साल हिरवी झाली. अध्यक्षांनी झारी घरून भरून आणायला सुरुवात केली. काकूंनी तर त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, आणि रेडिओ फारसा लागेनासा झाला. बाकीच्या बागेकडे कुणी ढुंकून पाहिना. आणि ती, कुणी ढुंकून पाहत नसताना, भराभर वाढली. पिवळी पानं गळली, नवी आली. ऐंशीव्या दिवशी जांभळी फुलं आली आणि त्यांच्यावर मधमाश्या.

नव्वदाव्या दिवशी बाई आल्या, त्याच चिखलाच्या बुटांत. सगळी वसाहत खाली उतरली. काकांनी गुडघ्यावर बसून काच पुसली आणि शेवटच्या तीस दिवसांचा आकडा वाचला. साठ युनिटांची मर्यादा होती.

‘‘एकेचाळीस,’’ ते म्हणाले, आणि खात्री करायला पुन्हा वाचला. एकेचाळीसच होता.

टाळ्या वाजल्या. बाई बागेत फिरल्या, पाल्याखाली बोट घालून पाहिलं, मान डोलावली. मग त्या कोपऱ्यातल्या पेशंटपाशी थांबल्या. त्यांनी फांदी धरली आणि सहज वर उचलली. ती हातात आली. खाली मूळ नव्हतं. करवतीनं कापलेलं स्वच्छ टोक होतं.

वहिनींच्या तोंडून किंकाळी निघाली. डॉक्टर पांढरे पडले. ते सकाळीच पेशंटचं पान फुटताना पाहिल्याचं सांगत होते. बाईंनी विटांचे तुकडे बाजूला केले. खाली भोकं पाडलेल्या नळ्यांची तोंडं होती, उतारानं पंख्यासारखी पसरत एकेका झाडाच्या मुळाशी गेलेली. सहा आठवडे सगळ्या वसाहतीची दया, भाज्या धुतलेल्या पाण्यासकट, त्या खड्ड्यातून गुपचूप सगळ्या बागेला पोचत होती, आणि खोलवर पोचत होती.

सगळे माळ्याकडे बघू लागले. तो ओशाळला. ‘‘बाई, लोकांना पाणी घालायचंच असतं,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांची माया आहे ती. नको म्हणून भागत नाही. कुठं घालायचं तेवढं दाखवावं लागतं.’’

बाईंनी खिशातून वही काढली आणि उभ्या उभ्या ते लिहून घेतलं. बारा दिवस काकांनी बाईंचं लिहून घेतलं होतं. बाईंना कुणाचं लिहून घेताना आज ते प्रथमच पाहत होते. त्यांना मनातून हेवा वाटला. मग, हळूहळू, अभिमान वाटला. आपण याच माणसाचा दाखला घेऊन प्रशिक्षणाला गेलो होतो.

तर आता कुणी काय भरलं ते सांगून मोकळे होऊ. अध्यक्षांनी वीतभर प्लास्टिक गमावलं. ते आता त्यांच्या दारात पाय पुसायला आहे. माळ्याची नोकरी राहिली, पण त्याचीही किंमत मोजावी लागली : बाई त्याला दर महिन्याला शेडमध्ये नव्या माळ्यांसमोर उभं करतात, आणि त्याला चारचौघांत बोलावं लागतं. आदल्या दिवशी त्याला जेवण जात नाही. वहिनी आणि डॉक्टरांना पेशंटचं दुःख भरावं लागलं. त्यांनी फांदी पुन्हा जागच्या जागी रोवून घेतली आणि पाणी घालणं चालू ठेवलं.

बाग यशस्वी झाल्यावरच द्यायचं ते प्रमाणपत्र बाईंनी नव्वदाव्या दिवशी काकांना देऊ केलं. त्यांनी हात पुढे केला नाही. ‘‘एकवीस हजार सहाशे लिटर माझं देणं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पंधरा लिटरची बादली धरली तर चौदाशे चाळीस. आधी ते फेडतो.’’ तेव्हापासून आपल्या आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी गोळा करून रोज चार बादल्या ते तिसऱ्या मजल्यावरून खाली नेऊन आळ्यात ओततात. काकू गॅलरीतून मोजतात. काका काठोकाठ भरलेली मोजा म्हणतात; जिन्यात हिंदकळलेलं काकू वजा करतात. खात्यात असं कडक मीटर काकांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तीनशे साठ दिवस लागायचे ते तीनशे सत्त्याण्णव लागले. शेवटची बादली ओतली त्या सकाळी माळी खाली उभा होता. त्यानं घडी घातलेला एक कागद काकांच्या ओल्या हातात दिला. गोल शिक्का नव्हता, अक्षर वाकडंतिकडं होतं : ‘हे गृहस्थ आता थोडे थोडे माळी आहेत. हे मी एक वर्ष पाहत आहे.’

काकांनी तो दोनदा वाचला आणि वर पाहिलं, काकूंना दाखवावा म्हणून.

‘‘दाखवा नंतर,’’ काकू गॅलरीतून म्हणाल्या. ‘‘शेवटची अर्धी सांडलीय जिन्यात. एक अजून आणा.’’